झाकला अध्याय

अवेळी भोंगा झाला की आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहत. वेळेवरच्या भोंग्याकडे कुणी लक्ष देत नसे. पाळी सुटली, पाळी लागली, आता भात टाकायचा, आता नळाला पाणी येणार, एवढाच त्याचा उपयोग. पण मधेच कधी तो केकाटला की आई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर यायची आणि कारखान्याच्या चिमण्यांकडे बघत राहायची. बाबा तिथे रसायनांच्या खात्यात सुपरवायझर होते. धूर रोजच्यासारखा पांढरा आहे की पिवळट, वास नुसता येतोय की नाकात झोंबतोय, यावरून बायका अंदाज बांधत. मग कुणीतरी सायकलवरून येऊन "काय नाय, टेस्टिंग होतं" असं खालून ओरडून सांगे आणि सगळ्या आपापल्या दारात शिरत. आई आत येऊन देवापुढे चिमूटभर साखर ठेवी. अंबरनाथमधलं माझं सगळं वाढणं त्या चिमूटभर साखरेच्या आसपास झालं. आमच्या घरात भूत नव्हतं, दारू नव्हती, मारहाण नव्हती, तरी भीती मात्र घरातल्या माणसासारखी कायम वस्तीला होती.

या भीतीवर आईचा उपाय म्हणजे श्रावणातली पोथी. आईच्या माहेराहून आलेली, जाड अक्षरांची, सुट्या पानांची ती पोथी लाल कापडात बांधून देवघराच्या फळीवर ठेवलेली असे. श्रावणात रोज दुपारी बाहेरच्या खोलीत चौरंग मांडला जाई, त्यावर पोथी, शेजारी समई आणि भोवती इमारतीतल्या बायका. प्रत्येकीच्या हातात कापूस असे, कारण नुसतं बसून ऐकणं त्यांना जमतच नसे. वाती वळता वळता ऐकायचं. मी ओव्या वाचायची आणि एकेक प्रसंग झाला की आई मला थांबवून अर्थ सांगायची. तिचा अर्थ मूळ ओवीपेक्षा रंगतदार असे. देव रागावला तर आईच्या अर्थात तो अगदी बाबांसारखा, आधी आवाज खाली आणून आणि मग दोन दिवस न बोलून रागवायचा. शेवटी सुंठवडा किंवा गूळखोबरं, आणि सोमवारी उपास म्हणून वरीचे तांदूळ आणि दाण्याची दाट आमटी. पवारमावशी उघडच म्हणत, "पोथीचं पुण्य तुम्ही घ्या गं, मी आमटीसाठी येते." मावशी आमच्याच मजल्यावर राहत. मूळच्या पालेगावच्या, तिथे अजून त्यांची भाताची खाचरं होती, आणि मनातलं तोंडावाटे बाहेर पडायला त्यांना कधी वेळ लागला नाही.

त्या पोथीतल्या एका अध्यायाचा अर्थ मात्र सांगायचा नसे. बायका त्याला झाकला अध्याय म्हणत. एक राजा यात्रेला जातो आणि राणी मागे एकटी उरते. तलावावर स्नानाला येणारा एक तरुण तपस्वी तिच्या नजरेला पडतो. पुढे त्या राणीचं जे होतं ते पोथीकाराने हातचं काही न राखता लिहिलं होतं. अंगाला लावलेलं चंदन कसं तडकून गळतं, चांदणं कसं पोळतं, चोळी कशी आवळते, वारा घालणाऱ्या दासींवर ती कशी खेकसते. शेवटी लाज सोडून ती तलावावर जाते आणि मागते. तपस्वी कोपतो, शाप देतो, आणि ती त्या तलावाची पायरी होते. आल्यागेल्याने तिच्यावर पाय ठेवून पाणी प्यावं आणि तिने कायम तहानलेलं राहावं. शाप देताना तपस्व्याचंही सगळं तप गळून गेलं असं अगदी अखेरच्या ओवीत होतं, पण तोवर बायकांचं लक्ष प्रसादाच्या ताटाकडे गेलेलं असे.

हा अध्याय वाचायचे नियम कडक होते. तो लग्न न झालेल्या मुलीनेच वाचायचा, कारण तिला त्यातलं काही कळत नाही आणि न कळणाऱ्याच्या तोंडी दोष लागत नाही. एका दमात वाचायचा, मधे थांबायचं नाही. वाचन चालू असताना आणि त्यानंतर आरती होईपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही. आणि अर्थ सांगायचा नाही. माझ्या आधी माझी चुलतबहीण वाचत असे. एका वर्षी नेमकी त्या अध्यायात कुणीतरी दूध खाली उतरवायला उठली, आणि त्याच आठवड्यात बाबांच्या हातावर ॲसिड उडालं. डाव्या हाताची दोन बोटं त्यांना पुढे कधी नीट मिटता आली नाहीत. ते स्वतः म्हणत की व्हॉल्व्ह जुना होता. आईला व्हॉल्व्ह मान्य नव्हता. त्या वर्षापासून झाकल्या अध्यायाच्या दिवशी ती सकाळपासून कुणाशी धड बोलत नसे, आणि मी वाचायला लागले की तिचे ओठ माझ्याबरोबर हलत. एखादी काना-मात्रा चुकली तर बाबांचं काही होईल या धास्तीने माझ्या तळहातांना घाम फुटे आणि पोथीची पानं ओली होत. आज हे लिहितानाही पहिली ओवी आठवली की मी तळहात पदराला पुसते, आणि मी चांगली साठी ओलांडलेली बाई आहे.

मला त्यातलं काही कळत नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, त्यात मीही होते. मग मी उल्हासनगरच्या कॉलेजात मराठी घेऊन शिकायला लागले आणि पंचाईत झाली. आमच्या बाईंनी ट्यूटोरियलला विषय दिला, एक जुना धार्मिक ग्रंथ आणि एक आधुनिक कादंबरी घ्या आणि दोन्हींत माणसाची इच्छा कशी दाखवली आहे ते लिहा. आमच्या घरात इच्छा हा शब्द फक्त पानावर वापरला जाई. भात वाढू का, नको, इच्छा नाही. पण बाईंच्या बोलण्यात तो शब्द वेगळाच वाटला. मी घरचीच पोथी घेतली, आणि बाईंनी सुचवली ती कादंबरी कॉलेजच्या वाचनालयात बसून वाचली. घरी न्यायची हिंमत नव्हती. तीत एका लहान गावातली कारकुनाची बायको होती, आणि तिच्या बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा एक मित्र काही दिवस राहायला आलेला. वाचताना मी सारखी दाराकडे बघत होते. मला वाटत होतं की आता काहीतरी भयंकर येईल, आता या पानावर नाहीतर पुढच्या. कादंबरी संपली तरी ते आलं नाही. त्या बाईने काही मागितलं नाही, ती कुठे गेली नाही, तिला कुणी शाप दिला नाही. तरीही पुस्तक परत करताना मी ते दुसऱ्या दोन पुस्तकांच्या मधे घालून दिलं. पोथी वाचताना मला चुकायची भीती वाटायची. हे पुस्तक वाचताना, आपल्याला हे बरोबर कळतंय, याचीच भीती वाटली.

हे मी एकाच माणसाला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या साळवीकाकूंची सून, शैलावहिनी. तिचा नवरा दिनूदादा आखातात नोकरीला होता आणि पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. कॅसेट आली की काकू सगळ्यांना बोलवत, चहा होई, आणि दिनूदादाचा आवाज खोलीभर घुमे. आईचे गुडघे कसे आहेत, मिक्सर चालतो का, पिंकीने बोलून दाखवावं. पिंकी त्यांची चार वर्षांची मुलगी. अगदी शेवटी, टेप संपता संपता, "आणि शैला, तू बरी आहेस ना?" असं येई आणि खट्‌ होऊन सगळं थांबे. वहिनी मला एकदा म्हणाली होती, "नंदा, तेवढंच मी मागे करून करून ऐकायचे गं. आता टेप सासूबाईंच्या कपाटात असतो."

वहिनी फॉल-पिकोच्या निमित्ताने उल्हासनगरला कॅम्पातल्या बाजारात जायची. तिथे एक सिंधी काका भाड्याने पुस्तकं द्यायचे. मी सांगितलेली कादंबरी तिने त्यांच्याकडे मागितली तेव्हा मी बरोबर होते. काकांनी पुस्तक काढलं, तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "भाभी, ले जाओ, पण पेपर का कव्हर चढाके ले जाओ हां. हमारे यहां की भी लेडीज लोग ऐसेही ले जाती हैं." वहिनी हसली. मला हसू आलं नाही. तिथून अंबरनाथ स्टेशनपर्यंत मी त्या पुस्तकाच्या एक पाऊल मागे चालत होते, कुणी ओळखीचं भेटलंच तर ते माझं नाही असं दिसावं म्हणून.

त्या श्रावणात इमारतीत कुजबुज सुरू झाली. शैला उशिरा येते. साड्या तर तेवढ्याच दिसतात, मग पिको कशाला करते? कुणीतरी तिला कॅम्पात कुणाशी तरी हसून बोलताना पाहिलं होतं. तो कुणीतरी म्हणजे ते पुस्तकवाले काका असतील, टेलर असेल, किंवा आणखी कुणी असेल. मला आजही माहीत नाही आणि मी तिला कधी विचारलं नाही. साळवीकाकू मात्र जिन्यात भेटेल तिला सांगत होत्या, "हिला मी माहेरी वांगणीला पोचवणार. पिंकी इथंच राहील, माझ्याजवळ." काकूंचा नवरा तरुणपणीच गेला होता, त्यांनी मुलाला एकटीने वाढवलं होतं, आणि त्यांच्या शब्दाला इमारतीत वजन होतं. पण दिनूदादा तिकडे लांब. त्याला सांगायचं तर नुसत्या कुजबुजीवर भागणार नव्हतं, चार बायकांनी हो म्हणायला हवं होतं. आणि चार बायका आमच्याच घरी रोज दुपारी जमत होत्या. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

झाकल्या अध्यायाच्या दिवशी आईने सकाळीच मला न्हायला घातलं. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. दुपारी खोली भरली. वहिनी नेहमीसारखी दाराशी बसली, पिंकी तिच्या मांडीवर झोपलेली. काकू सगळ्यांच्या शेवटी आल्या आणि चौरंगाच्या अगदी जवळ बसल्या. त्यांच्या पदराखाली काहीतरी होतं. मी वाचायला सुरुवात केली. चंदन तडकलं, चांदणं पोळलं, बायका खाली मान घालून भराभर वाती वळत राहिल्या. त्या वर्षी प्रथमच मला प्रत्येक ओवीचा अर्थ कळत होता, आणि तो माझ्या आवाजात ऐकू जाईल की काय या भीतीने मी नेहमीपेक्षा जास्तच सपाट वाचत गेले. राणी पायरी झाली. तपस्व्याचं तप गेलं. मी पानं जुळवली आणि श्वास सोडला. आरतीसाठी आई निरांजनाकडे वळली, तेवढ्यात काकूंनी पदराखालचं पुस्तक काढून माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर होतं, तरी मी ते लगेच ओळखलं.

"नंदे, हे वाच. पान दुमडलंय बघ, तेवढंच वाच."

"काकू, हे काय मधेच?" आई म्हणाली. "आरती व्हायचीय अजून."

"आरतीच्या आधीच. देवासमोर. मागून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं कुभांड रचलं. माझ्या सुनेच्या उशीखाली सापडलंय. लग्न झालेल्या बाईचं आणि दुसऱ्या पुरुषाचं आहे, तेवढं मला वाचता येतं. तुम्ही सगळ्यांनी ऐका आणि मला सांगा. तुम्ही हो म्हटलंत तर मी उद्या हिला वांगणीच्या गाडीत बसवते."

आरती व्हायची होती म्हणून कुणाला उठता येत नव्हतं. वहिनीही उठली नाही. तिने फक्त पिंकीच्या कानावर हात ठेवला. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तिची भीती मला माहीत होती. वाचावं तर झाकल्या अध्यायावर हे असलं काहीतरी येतंय, न वाचावं तर सगळं अर्धवट राहतंय, आणि बाबा तिकडे पाळीवर. तिने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. मी पुस्तक उघडलं.

दुमडलेल्या पानावर ती कारकुनाची बायको स्वयंपाकघरात दूध तापवत उभी आहे. बाहेरच्या खोलीत तो पाहुणा शर्ट पिळतोय, पाण्याचे थेंब फरशीवर पडल्याचा आवाज तिला येतो. दूध वर येतं. तिला ते दिसतंय, गॅसचं बटण हाताशी आहे, पण ती हात लावत नाही. दूध उतू जातं, शेगडीवर जळतं, घरभर वास सुटतो. बाहेरून तो विचारतो, काय झालं वहिनी? ती म्हणते, काही नाही, आज चहा कोराच घ्यावा लागेल. मग ती फडकं घेऊन शेगडी पुसते. पान संपलं.

"आणि?" पवारमावशी म्हणाल्या.

"एवढंच आहे मावशी."

"एवढंच? अगं, आपल्या राणीनं तर चोळीपासून सगळं सांगितलं. हिनं तर नुसतं दूध घालवलं."

कुणीतरी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही, आणि मावशींचंही तोंड हळूहळू उतरत गेलं. वाती वळणारे हात थांबले होते. वर्षानुवर्षं या बायकांनी त्या राणीचं चंदन आणि चांदणं डोळ्यांची पापणी न हलवता ऐकलं होतं. राणी कुठल्या काळातली, तिच्या दासी, तिचा तलाव, तिचा शापही केव्हाचा होऊन गेलेला. पण दूध प्रत्येकीच्या घरात तापत होतं, आणि बाहेरच्या खोलीतला आवाज ऐकत आपण कधी, कुणासाठी, किती वेळ उभ्या राहिलो ते प्रत्येकीला आपलं आपल्याला ठाऊक होतं. मी इतक्या भेदरलेल्या बायका अवेळच्या भोंग्यालाही पाहिल्या नव्हत्या. ट्यूटोरियलमध्ये मी मोठ्या दिमाखात लिहिलं होतं की धार्मिक ग्रंथ इच्छेला शिक्षा करतो आणि कादंबरी तिला समजून घेते. बाईंनी त्याला चांगले गुणही दिले होते. त्या खोलीत बसल्यावर कळलं की मी काहीच लिहिलं नव्हतं. पोथी सगळं बोलून त्या राणीला आपल्यापासून लांब नेऊन ठेवते. पुस्तक काही न बोलता त्या बाईला आणून आपल्या शेगडीशी उभं करतं. भ्यालेली माणसं दयाळू होत नाहीत, हेही मला तेव्हाच दिसलं. कोपऱ्यातून एकजण पुटपुटली, "असली पुस्तकं घरात नकोतच बाई." दुसरी म्हणाली, "लेकरू लहान आहे, वळण लागायला हवं." काकू ताठ बसल्या. आणखी दोघी बोलल्या असत्या तर झालंच होतं.

"अर्थ राहिला," आई म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. आईने निरांजन खाली ठेवलं. "अध्यायाचा अर्थ राहिलाय. आज सांगते. शेवटच्या ओवीत काय आहे? त्या तपस्व्यानं शाप दिला आणि त्याचं स्वतःचं सगळं तप गेलं. एवढ्या वर्षांचं. म्हणजे राणीला काय व्हायचं ते झालं, पण शाप देणारा..."

आणि भोंगा झाला. वेळ नव्हती त्याची. तो झाला तसा होतच राहिला, आमच्या खिडक्यांच्या काचा हलवत. कुणी उठलं नाही. आम्ही सगळ्या जमिनीला खिळल्यासारख्या बसून होतो आणि आईकडे बघत होतो, कारण तिने आत्ता नियम मोडला होता आणि तिचा नवरा तिकडे होता. मला ओरडावंसं वाटत होतं, आई, पुरे, थांब. आईने दोन्ही हात जमिनीला टेकले. तिच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. भोंगा थांबायची तिने वाट पाहिली नाही, उलट आवाज चढवून वाक्य पुरं केलं. "पण शाप देणारा रिकामा झाला. मी हिच्याबद्दल काही बोलणार नाही. ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं."

भोंगा बंद पडला. खालून सायकलची घंटी यायची आम्ही वाट बघत होतो. ती येत नव्हती. त्या शांततेत दाराकडून वहिनी बोलली. ती त्या दिवशी एकदाच बोलली.

"ते पान मी खूण म्हणून नाही दुमडलं सासूबाई. मी तिथेच थांबले. पुढचं वाचायची मला भीती वाटली."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "तू वाचलंयस ना सगळं? कॉलेजात?"

आता माझंही उघडं पडलं होतं. मला सगळं कळतं हे आता इमारतीत सगळ्यांना कळलं. मी मान हलवली.

"मग सांग. पुढे काय होतं तिचं?"

पुढे काही होत नाही. पाहुण्याची बदली होते, तो निघून जातो, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी नवीन दूध तापवते, इतकंच. ते सांगायला मी तोंड उघडलं, काकूंचा तो ताठलेला चेहरा पाहिला, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "तो पाहुणा निघून जातो. तिची एक सासू असते. सासूला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत असतं."

"मग?"

"काही नाही. ती कुणाला बोलत नाही. जळकी शेगडी सून पुसत असते तेव्हा सासू येते, तिच्या हातातलं फडकं घेते आणि स्वतः पुसते. मुलगा घरी यायच्या आत."

त्या कादंबरीत सासू नव्हतीच. वहिनीने अर्धं पुस्तक वाचलं होतं, त्यामुळे तिलाही ते ठाऊक होतं. ती एकटक माझ्याकडे बघत होती. देवासमोर, समईसमोर, अर्थ न सांगण्याच्या अध्यायावर मी खोटा अर्थ सांगितला होता, आणि भोंगा कशाचा ते अजून कळलं नव्हतं. बाबांचा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. काकूंनी पुस्तक उचललं, कव्हर नीट केलं आणि आपल्या पदराखाली घेतलं. मग म्हणाल्या, "आरती करा. पोरगी झोपलीय, अवघडली असेल." सायकलची घंटी आली ती आरती अर्ध्यावर असताना. टेस्टिंग होतं. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिने ते खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. बाबा पाळी संपवून नेहमीच्या वेळी आले आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.

आता मी बदलापूरला, कात्रपला राहते. माझी भाची फोनवर काय काय वाचते, त्यात सगळं उघड लिहिलेलं असतं, पोथीकारालाही घेरी येईल असं. ती मला म्हणते, मावशी, तुमच्या त्या पुस्तकात एवढंसंच होतं आणि तुम्ही एवढ्या घाबरलात? तिला मी काय सांगणार! एका वाचलेल्या पानावरून कुणा बाईला लेकरापासून तोडायला निघालेलं तिने पाहिलेलं नाही, आणि पाहू नये. आईने त्यानंतर पोथी चालू ठेवली, पण झाकल्या अध्यायाचा अर्थ ती दर वर्षी सांगू लागली. दर वर्षी आधी देवापुढे चिमूटभर साखर ठेवी, आणि दर वर्षी ती सांगे.

शैलावहिनी वांगणीला गेली नाही. पण त्या दुपारनंतर मला झोप लागेना, कारण काकू गप्प होत्या, आणि गप्प असलेल्या काकूंची मला बोलणाऱ्या काकूंपेक्षा जास्त भीती वाटे. दिनूदादा दिवाळीला येणार होता. श्रावण सरता सरता एका दुपारी आई बाजारात गेलेली असताना दारावर थाप पडली. काकू होत्या. त्या आत आल्या, दार त्यांनी स्वतःच लोटून घेतलं आणि पाटावर बसल्या. चहा नको म्हणाल्या. पुस्तकाची गोष्ट निघणार, खोटं पकडलं जाणार, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"त्या पुस्तकातली सासू," त्या म्हणाल्या. "तिनं सुनेला तोंडावर कधी विचारलं नाही?"

"नाही काकू."

"आणि मुलाला? तो आल्यावर?"

"नाही."

"कधीच नाही? मरेपर्यंत?"

"मरेपर्यंत नाही."

काकूंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठायला म्हणून माझा हात मागितला. त्यांचा हात गार पडला होता, माझ्यापेक्षाही गार.

"मग जमतं म्हणजे," त्या म्हणाल्या.